‘बोर्ड गेलाय’ सांगणाऱ्याने मीटर लावला होता का?

जुन्या लॅपटॉपवाल्यांना लुबाडायची पद्धत सगळ्यांना माहीत आहे, तरी ती रोज चालते, कारण फसलेला माणूस लाजेने बोलत नाही. मशीन चालू होत नाही. दुरुस्तीवाला एकदा बटण दाबून बघतो आणि निकाल देतो, ‘बोर्ड गेलाय’, म्हणजे मशीनचा मुख्य सर्किट बोर्ड निकामी झालाय. मग एकतर मशीन भंगार म्हणून त्याच्याकडेच राहतं, नाहीतर ‘दुसरा बोर्ड टाकला’ म्हणून आपलाच बोर्ड एक फ्यूज बदलून परत येतो.

मोजमाप न करता दिलेला निकाल म्हणजे फसवणूक, एवढं धरून चाला. तपासायला वेळ लागत नाही. आधी मल्टिमीटरने अडॅप्टरचा व्होल्टेज मोजायचा. थिंकपॅड लॅपटॉपची (आधी आयबीएमचे, नंतर लेनोवोचे) टी 43 पर्यंतची मशीन 16 व्होल्टवर चालतात, टी 60 पासून पुढची 20 वर. जुन्या 16 व्होल्टच्या मशीनला 19 व्होल्टचा ‘युनिव्हर्सल’ अडॅप्टर सर्रास विकला जातो, कारण 5.5 मिलिमीटरची पिन बसते. पिन बसली म्हणजे अडॅप्टर चालेल असं मुळीच नाही. डेलच्या 19.5 व्होल्टवाल्या अडॅप्टरमध्ये मधली बारीक पिन ओळख पटवण्यासाठी असते. नकली अडॅप्टरने ती ओळख दिली नाही की मशीन चालतं, पण बॅटरी चार्ज होत नाही आणि प्रोसेसर मंदावतो. तिथेही निकाल तोच: ‘बोर्ड’.

अडॅप्टर मशीनला जोडताच त्याचा दिवा विझला किंवा लुकलुकला, तर आत शॉर्ट सर्किट आहे. बहुतेकदा एखादा कपॅसिटर (बोर्डवरचा वीज साठवणारा बारीक भाग) शॉर्ट झालेला असतो, तेवढा काढला की बोर्ड जिवंत. दिवा स्थिर राहिला आणि तरी काहीच हलत नसेल, तर डीसी जॅकचे (जिथे अडॅप्टरची पिन बसते) सोल्डर आणि त्यामागचा फ्यूज बघा. फ्यूजच्या दोन टोकांना मीटर लावून बीप येत नसेल, तर तो उडालेला आहे; पण तो का उडाला हे शोधण्याआधी दुसरा लावू नका: मुख्य लाइन आणि ग्राउंड (बोर्डची ऋण बाजू) यांच्यात काही किलोओहम दिसले तर ठीक, दोन-चार ओहम दिसले तर शॉर्ट अजून तिथेच आहे. नव्वदीतल्या मशीनमध्ये बॅकअपची निकेल बॅटरी पाझरून तांब्याच्या रेषा खाते. तिथली हिरवट बुरशी डोळ्यांना दिसते, मीटरही लागत नाही. हे कळूनही गप्प बसणारे कारागीर पाहिले की चीड येते.

पण खरी लूट बॅटरीत. ‘नवीन सेल टाकून दिले’ असं सांगून जुन्याच कवचात दुसऱ्या बॅटरी पॅकमधून काढलेले सेल भरतात. लेबलवर 11.1 व्होल्ट, 5200 एमएएच (मिलीअँपिअर-तास, म्हणजे क्षमता). म्हणजे आत 2600 चे सहा सेल हवेत, दोन-दोन समांतर जोडून एकापुढे एक तीन टप्पे. असा 18650 आकाराचा गोल सेल साधारण 45 ग्रॅमचा, म्हणजे सेलच 270 ग्रॅम, वर कवच आणि सर्किट. पॅक 220 ग्रॅम भरला तर आत सहा धड सेल नाहीतच. हातात घेतला तेव्हाच तो हलका लागतो! तो एक क्षण डोक्यातून जात नाही. काटा घरात असतो, मूळ पॅकही शेजारीच असतो, आणि तरी कोणी वजन करत नाही. यात घेणाऱ्याला दोष देणं मला मान्य नाही. सीलबंद, चकचकीत लेबल लावलेली वस्तू वजन करून घ्यायची, हे कोणाला सुचेल?

सॉफ्टवेअरही मदत करत नाही, कारण पॅकच्या चिपमधली चार्ज सायकलची (पॅक किती वेळा चार्ज झाला याची) नोंद पुसून शून्य केलेली असते. पॅक 100 टक्के दाखवतो, 40 च्या आसपास येतो आणि मशीन धाडकन बंद होतं. एक टप्पा कोसळला की संरक्षण सर्किट सगळा पॅक तोडतं, म्हणून असं होतं. एका सेलवर 9900 एमएएच छापलेलं दिसलं तर तो दुकानातच परत ठेवा. त्या आकारात 3500 च्या वर फारसं काही मावतच नाही.

आणि तक्रार कुठे करायची? विक्रेता म्हणतो, पॅक उघडलात, आता परत नाही. न उघडता पुरावा मागतो. विक्रीचं संकेतस्थळ परतीची मुदत संपल्याचं ठरावीक उत्तर पाठवतं, आणि ही खोट तर मुदत संपल्यावरच दिसते. पोलीस सांगतात, हा व्यवहाराचा वाद आहे, ग्राहक कक्षाकडे जा. ग्राहक कक्षाला तज्ज्ञाचा अहवाल हवा. अधिकृत सेवा केंद्र अहवाल देत नाही, कारण ते मॉडेल त्यांच्या यादीतच नाही. प्रत्येक खिडकी पुढच्या खिडकीकडे बोट दाखवते, आणि तोवर तोच माणूस तेच सेल पुढच्या गिऱ्हाइकाला विकत असतो. लिथियमचा सदोष पॅक पेट घेऊ शकतो. निदान त्यासाठी तरी कोणी जागचं उठायला हवं होतं.

घेतानाच वजन करताना आणि व्होल्टेज मोजताना व्हिडिओ काढा. बिलावर सेलची संख्या आणि क्षमता लिहून घ्या. नकार आला तर व्यवहार तिथेच थांबवा. बोर्ड बदलणार असतील तर जुन्या बोर्डवरच्या क्रमांकाचा फोटो आधी घ्या. आणि ‘जुनी बॅटरी द्या, थोडी सूट देतो’ याला अजिबात भुलू नका. त्यांना तुमच्या मेलेल्या सेलशी देणंघेणं नाही. मूळ कंपनीचं कवच आणि आतलं सर्किट, ज्याला लॅपटॉप अस्सल म्हणून ओळखतो, तेच त्यांना हवं असतं. पुढचा नकली पॅक त्यातच भरला जातो.