महाविद्यालयाचे ऊर्जा परीक्षण आणि छतावरील सौर संच : एक अभिप्राय

रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या महाविद्यालयाने ज्या कंपनीकडून हे काम करून घेतले, तिने सौर पॅनेल सुचविण्याआधी वर्गावर्गांतील पंखे आणि त्यांचा वीजवापर तपासला, ही गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. 75 वॅटचा जुना पंखा काढून सुमारे 30 वॅटचा बीएलडीसी (ब्रशविरहित, कमी वीज घेणाऱ्या मोटरचा) पंखा बसविला की जवळपास तेवढाच वारा निम्म्याहून कमी विजेत मिळतो, आणि महाराष्ट्रातील वीज प्रामुख्याने कोळशावर तयार होत असल्याने उत्सर्जनही घटते.

पॅनेलची जोडणी नेटकी आहे. मात्र सांगाड्याचे काही नटबोल्ट खाऱ्या वाऱ्याने पहिल्याच पावसाळ्यात गंजले. किनाऱ्यावर तेथे स्टेनलेस स्टीलच हवे. याहून गंभीर उणीव अशी की, बॅटरीविना ग्रिडला, म्हणजे सार्वजनिक वीजजाळ्याला, जोडलेला संच वीजपुरवठा खंडित होताच आपोआप बंद पडतो, याची पूर्वकल्पना आम्हांला दिली गेली नाही. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड आणि उत्तर रत्नागिरीतील अनेक गावे कित्येक दिवस अंधारात होती. अशा वेळी निवारा म्हणून उघडाव्या लागणाऱ्या इमारतीत पाण्याचा पंप व मोजके दिवे चालतील एवढी तरी बॅटरी असावी. इतर महाविद्यालयांनी ती सुरुवातीलाच मागून घ्यावी आणि दरवर्षी मे महिन्यात सांगाड्याच्या तपासणीची अट करारात आवर्जून घालावी.