१९३७ पॅटर्नचा लष्करी पट्टा आणि छोटा पिट्ठू: ठाण्याच्या हवेत वापरून पाहिल्यावर

आधी निकाल सांगून टाकतो. पट्टा पास. छोटा पिट्ठू काठावर पास. पुढे लावायचे दोन मोठे पाउच नापास. आणि हे सगळं ऑक्टोबर ते मे एवढ्यापुरतंच. पावसाळ्यात हा संच माझ्याकडे कपाटाबाहेर येतो तो फक्त वारा खायला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: ब्रिटिश सैन्याने सैनिकाने अंगावर सामान वाहायच्या पट्ट्या-पिशव्यांचा १९०८ सालचा जुना नमुना बदलून १९३७ पॅटर्न आणला. जाड विणीची सुती नवार, पितळी हूक, पितळी बकलं. दुसऱ्या महायुद्धात भारतीय पलटणींनाही हाच नमुना होता आणि त्यातला बराचसा माल भारतातच तयार होत होता. इटलीत १९४४ साली यशवंत घाडगे आणि १९४५ साली नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, त्या लढायांतल्या मराठा पलटणी याच पट्ट्यांवर लढल्या. माझ्याकडचे नग चोर बाजारातून आणि एका संग्राहकाकडून जमवलेले आहेत. पट्टा, खांद्यावरचे दोन पट्टे, छोटा पिट्ठू, तो खांद्यावर अडकवायचे एल-पट्टे, पाउचची जोडी आणि फेल्टच्या खोळीतली पाण्याची बाटली. बाटलीबद्दल एकाच वाक्यात: आतलं इनॅमल उडून गंज दिसत असेल तर ती भिंतीवर टांगा, त्यातून पाणी पिऊ नका.

वापर कुठे? येऊरला सकाळची फेरी, थंडीत माहुली, कधी खारघरची टेकडी. लोकलमध्ये मात्र नको. पितळी हूक शेजारच्याच्या बॅगेच्या जाळीत अडकतो आणि ठाणे ते कळवा एवढ्या अंतरात तो सोडवून होत नाही.

आता बसवण्याबद्दल, कारण खरी गोम तिथे आहे. बहुतेक लोक पट्टा कमरेला लावतात, तो घसरतो किंवा टोचतो, आणि 'जुन्या लोकांना कसं चालायचं कोण जाणे' म्हणून माळ्यावर टाकून देतात. पट्ट्याच्या आतल्या बाजूला विणीतच बारीक खिशांची रांग असते. दोन्ही टोकांना जोडहूक असतात, ते या खिशांत अडकवून लांबी ठरते. पट्टा जमिनीवर उलटा पसरा आणि दोन्ही बाजूंनी सारखेच खिसे सोडून हूक लावा. एकाच बाजूने कमी-जास्त केलं तर मागची दोन बकलं पाठीच्या कण्यापासून सरकतात आणि मग खांद्याचे पट्टे कधीच सरळ बसत नाहीत. माप दोन खिशांच्या मधोमध येत असेल तर सैल बाजू धरा. पितळी सरक्या कड्या शेवटी टोकावर आणून ठेवा, म्हणजे दुमडलेला भाग फडफडत नाही.

हे सगळं पट्टा कोरडा असताना करायचं. सूत ओलं झालं की फुगतं, खिसे आवळतात आणि हूक पकडीनेही निघत नाही. ओढाताण केली तर खिशाची वीण तुटते, आणि ती परत कोणी विणून देत नाही.

दुसरा मुद्दा उंचीचा. त्या काळच्या सैनिकी पँटी उंच कमरेच्या असत, बेंबीजवळ. हा पट्टा तिथेच बसायला बनवला आहे. आपल्या जीन्स खाली बसतात. जीन्सच्या लुप्सवर हा पट्टा चढवला तर दोन पट्टे एकमेकांवर चढून हाडावर घासतात. मी आतला पट्टा काढूनच टाकतो, नाडीची ट्रॅकपँट घालतो आणि हा वरती, बेंबीच्या रेषेत. दिसायला विनोदी दिसतं, मान्य. येऊरच्या नाक्यावर एक काका रोज 'काय, सीमेवर का?' विचारतात.

खांद्याचे पट्टे पाठीवर एकमेकांना छेदून जातात. एकाला मधे फासासारखी पट्टी असते, दुसरा तिच्यातून ओवायचा. हे ओवलं नाही तर चालताना एक पट्टा खांद्यावरून उतरतोच. बकलांना काटा नसतो, घर्षणावर पट्टी धरली जाते. म्हणून ओवण्याची दिशा महत्त्वाची. उलटी ओवली तर वजन आलं की ती सुळकन सुटते. सुलटी ओवली तर सुती नवार इतकी घट्ट धरते की नायलॉनने लाजावं. मागची बकलं स्वतःला दिसत नाहीत. त्यासाठी घरातल्या कोणाला तरी हाक मारा आणि नेहमीचं ओझं अंगावर घेऊनच लांबी ठरवा. रिकाम्या संचावर ठरवलेली लांबी भरल्यावर चुकते. तासभर चालल्यावर नवार किंचित ताणते, तेव्हा एकदा आवळायची. त्यानंतर मग दिवसभर बघावं लागत नाही.

पिट्ठूचं दुखणं निराळं आहे. मूळ रचनेत पुढे पाउचमध्ये ब्रेन गन या हलक्या मशीनगनची मॅगझिन, मागे पिट्ठू, असा तोल होता. एल-पट्ट्याचा पुढचा हूक पाउचच्या वरच्या बकलात अडकतो. पाउच रिकामे ठेवले किंवा काढून टाकले तर मागचं ओझं पट्ट्याची पुढची बाजू बरगड्यांपर्यंत वर ओढतं. पाउच भरले तर चढणीवर गुडघा उचलताना ते पोटात रुततात आणि कातळाला पोट लावून चढायचं असेल तर अडथळाच. माहुलीच्या शिडीवर पाउच घालून चढणाऱ्याला मी थांबवणार नाही, पण त्याच्या मागेही चढणार नाही.

मी तडजोड केली आहे. पाउच काढले, त्यांच्या जागी पट्ट्यावर बसणारे छोटे बकलवाले तुकडे लावले. पाउच नसलेल्यांसाठी ते त्या काळीही मिळत. खांद्याचे पट्टे त्यांना. पिट्ठू मात्र पट्ट्याशी जोडतच नाही. त्याचे एल-पट्टे साध्या दप्तरासारखे खाली पिट्ठूलाच बांधतो आणि पुढचा मोकळा हूक सुती फितीने गुंडाळतो, म्हणजे छातीवर वाजत नाही. शुद्धतावादी संग्राहकांना हे आवडणार नाही. पाठ माझी आहे.

पिट्ठू साधारण ११ × ९ × ४ इंच, म्हणजे जेमतेम साडेसहा लिटर. डबा, छोटी बाटली, टॉर्च, विंडचीटर. झालं. आतले कप्पे मात्र आजच्या सॅकपेक्षा शहाणे आहेत, डबा उभाच राहतो. पाठीला गादी नाही, त्यामुळे मार्चनंतर पाठ भिजून निघते.

आणि भिजण्यावरून मोठा विषय येतो: रंग. सैनिक या नवारीवर ब्लँको नावाचा रंगीत लेप ओल्या ब्रशने लावत. जुन्या नगांवर त्याचे थर असतात आणि घामाने ते सुटतात. पांढऱ्या सदऱ्यावर खाकी-हिरवी फुली उमटते आणि ती धुतल्यावर जात नाही. वापरायचं असेल तर लेप काढावाच लागतो. बादलीत कोमट पाणी, कपड्याच्या साबणाचा किस, मऊ ब्रश. आतल्या बाजूला जिथे शाईचा शिक्का, साल आणि बाण (सरकारी मालाची खूण) आहे तिथे ब्रश फिरवू नका, ती शाई गेली की नगाची ओळख गेली. ब्लीच नाही, वॉशिंग मशीन नाही, पिळणं नाही. ज्यांना फक्त काचेच्या कपाटात ठेवायचं आहे त्यांनी धुऊच नये, कोरड्या ब्रशने झटकावं.

वाळवताना सूत आटतं. पट्टा दोरीवर लोंबकळत ठेवू नका. टॉवेलवर सपाट, हाताने हलकेच ताणून ठेवा. पिट्ठूच्या आत जुना टॉवेल कोंबून त्याचा चौकोन राखायचा. ऊन थेट नको, गॅलरीतली सावली आणि वारा पुरे. ऑक्टोबरात दीड दिवसात वाळतो. जुलैत पंख्याखाली चौथ्या दिवशीही बकलाखालचा दुहेरी भाग दमट लागतो, आणि बुरशी नेमकी तिथेच सुरू होते. काळे ठिपके पडले की ते सुतातून निघत नाहीत, त्यामुळे पडूच न देणं एवढंच हातात असतं. मी जूनआधी सगळं सुटं करतो, हूक खिशांतून काढतो, जुन्या उशीच्या अभ्र्यात ठेवतो, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. प्लॅस्टिकची पिशवी अजिबात नको, दमटपणा आतच कोंडतो. डांबराच्या गोळ्यांनी कसर दूर राहते, पण बुरशीवर त्यांचा काही उपाय नाही आणि वास मात्र दिवाळीपर्यंत टिकतो.

पितळेवर हिरवा कळंक चढतो. तो सुताला लागला की तिथलं सूत कुजतं, म्हणून काढायला हवा. पण चिंच-मीठ किंवा लिंबू इथे नको. देवाच्या भांड्यांना ठीक आहे, सुतात मुरलेलं आम्ल नंतर धागे खातं. पितांबरी किंवा ब्रासो वापरायचं तर आधी बकलामागे जुन्या एक्स-रे फिल्मचा खाच पाडलेला तुकडा सरकवायचा. सैनिक गणवेशाच्या बटणांसाठी अशीच पितळी पट्टी वापरत. नाहीतर विणीत पांढरी भुकटी बसते आणि ती निघता निघत नाही. मी आता चकाकीच्या मागे लागत नाही. कोरड्या टूथब्रशने हिरवं काढतो, तपकिरी राहू देतो. अडकणाऱ्या हुकावर मेणबत्तीचा एक हात. तेल नको, डाग पडतो.

दुरुस्तीबद्दल एक सूचना. नायलॉनच्या पट्ट्याचं टोक लायटरने वितळवतात, तसं इथे केलं तर सूत सरळ पेटतं. टोकाची पितळी टोपी सैल झाली असेल तर पकडीच्या जबड्यांत चामड्याचा तुकडा धरून दाबा. उसवलेली शिवण दाभणाने, मेण लावलेल्या सुती दोऱ्याने घाला. स्टेशनबाहेरच्या चपलेवाल्याकडे हात चांगला असतो, पण दोरा आपला द्या. त्याचा नायलॉनचा दोरा जुन्या सुताला करवतीसारखा कापतो. आणि रिबिट मारू देऊ नका, तो मारायला उत्सुक असतो.

ज्यांना पावसातही फिरायचं आहे त्यांनी सत्तरच्या दशकातली अमेरिकन सैन्याची 'ॲलिस' नावाची नायलॉनच्या पट्ट्यांची पद्धत बघावी. लवकर वाळते, सडत नाही. देखणी नाही.

घेताना दोन-तीन गोष्टी बघा. लोहचुंबक खिशात ठेवा. चिकटलं तर ते पितळ नव्हे. पट्ट्याच्या आतले खिसे विणलेले आहेत की वरून शिवलेले, हे नखाने तपासा. वरून शिवलेले असतील तर तो सिनेमाच्या शूटिंगसाठी बनवलेला, तेवढ्याच पैशाचा. पट्टा दोन हातांत धरून हलकेच वाकवा, कुरकुर ऐकू आली तर सूत आतून गेलं आहे. चालू लष्करी रंगाचे कपडे किंवा बिल्ले यासोबत घालू नका, उगाच चौकशी होते आणि ती व्हायलाच हवी. शेवटचं म्हणजे एल-पट्टे. ते डावा आणि उजवा असे वेगळे असतात, दुकानदार ढिगातून कुठलेही दोन जोडून देतो. आमच्या ग्रुपमधला एक जण दोन डावे घेऊन आला आहे. कोणाकडे जादा उजवा असेल तर तो घ्यायला तयार आहे, भावात थोडी घासाघीस करेल.