रेलिंगचा नमुना खरा होता, माल नव्हता

जहाजाचं, रेल्वेच्या पुलाचं, जुन्या वाड्याचं, कसलंही बारीक मॉडेल जे करतात आणि त्यासाठी पितळेचं एचिंगचं (रसायनाने पत्रा कोरण्याचं) काम बाहेरून करून घ्यायचा विचार करतायत, त्यांनी हे शेवटपर्यंत वाचावं. माझे २१,५०० रुपये गेले. त्यातले १२,००० माझे नव्हते, वर्गणीचे होते. म्हणूनच लिहायला इतके दिवस लागले.

मी नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूमला आहे, सत्तावीस वर्षं झाली. आमच्या वस्तीतल्या विहारात एक लहान वाचनालय चालतं. तिथल्या भिंतीवर बाबासाहेबांच्या आयुष्यातल्या तारखांचा तक्ता आहे. त्यातली एक ओळ अशी: १५ ऑगस्ट १९३१, दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी मुंबईहून ‘मुलतान’ बोटीने प्रयाण. गांधीजी त्याच परिषदेला दोन आठवड्यांनी ‘राजपुताना’ बोटीने गेले. त्यांचे डेकवरचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत. ‘मुलतान’ मात्र आमच्या मुलांसाठी तक्त्यातली एक ओळच राहिली. ती बोट वाचनालयाच्या दारातच, काचेच्या पेटीत, डोळ्यांना दिसावी असं माझ्या मनात फार वर्षं होतं.

पी अँड ओ या ब्रिटिश जहाज कंपनीची ही बोट. बेलफास्टला हारलँड अँड वुल्फच्या गोदीत बांधलेली, म्हणजे ‘टायटॅनिक’ जिथे झाली तिथेच. १९२३ साली कामाला लागली. २०,८४७ टन, लांबी सहाशे फूट, दोन काळी धुराडी, खालचं अंग काळं आणि वरचे मजले फिक्या दगडी रंगाचे. दुसऱ्या महायुद्धात तिच्यावर तोफा चढवल्या, तिने सैनिक वाहिले आणि १९५४ साली ती भंगारात निघाली. तिचं तयार किट मला कुठे मिळालं नाही, म्हणून सगळं हाताने करायचं ठरवलं. माप एकास दोनशे, म्हणजे सहाशे फुटांची बोट तीन फुटांत. प्लायच्या फासळ्या, वर प्लास्टिक शीट, मग पुट्टी आणि घासकाम. दीड वर्षात बोटीचं अंग आणि मजले उभे राहिले.

अडलं ते रेलिंगपाशी. खऱ्या बोटीवर साडेतीन फूट उंचीचा कठडा असतो. एकास दोनशेत तो सव्वापाच मिलिमीटरचा होतो. त्यात उभे दांडे आणि आडव्या चार सळ्या, प्रत्येक सळई केसाहून थोडीच जाड. असं रेलिंग मला सगळ्या मजल्यांचं मिळून साडेसहा मीटर लागणार होतं. दोरा लावून पाहिला, तो दोराच दिसतो. वायरीतल्या तांब्याच्या तारा सोलून डाग द्यायला गेलो, तर एक सांधा जोडताना शेजारचा सुटायचा. चार रविवार घालवून माझ्याकडे बोटभर रेलिंग तयार झालं, तेही वाकडं.

यावरचा उपाय म्हणजे फोटो एचिंग. पितळेच्या पातळ पत्र्यावर प्रकाशाला संवेदनशील थर लावायचा, फिल्ममधून अतिनील प्रकाश द्यायचा आणि नको तो भाग फेरिक क्लोराइडने खाऊन काढायचा. पत्र्यात रेलिंग तयार होऊन येतं, बारीक कानांनी चौकटीला धरलेलं. परदेशात अनेक जहाजांचे असे संच मिळतात. ‘मुलतान’चा मला दिसला नाही, म्हणून मॉडेल करणाऱ्यांच्या एका ग्रुपवर मी विचारलं आणि तिथेच चूक केली. काय हवंय एवढंच विचारायचं सोडून कशासाठी हवंय तेही लिहिलं. वाचनालय, बाबासाहेब, वर्गणी, सगळं.

त्याच रात्री मेसेज आला. सुरुवात ‘जय भीम दादा’ने. मी मुंबईत एचिंगचं काम करतो, तुमची पोस्ट वाचली, असं काम करायला मिळणं भाग्य आहे. मग फोन झाला. माणूस कामाचं बोलत होता. पत्रा किती जाडीचा घ्यायचा, वाकवायच्या रेषेवर अर्धंच एचिंग कसं ठेवायचं, पितळ आधी तापवून नरम केलं तर गोलाई कशी छान बसते, सगळं बरोबर. आज कळतं की हे सगळं अर्ध्या तासाच्या व्हिडिओत ऐकायला मिळतं. त्या वेळी मला वाटलं, कारागीर भेटला. शेवटी तो म्हणाला, “दादा, बाबासाहेबांचं काम आहे, यात मी नफा घेणार नाही. फक्त मटेरियलचे द्या.” त्या वाक्याने मी विरघळलो. दर विचारायला आणखी कुणाकडे गेलोच नाही.

तरी मी नमुना मागितला. तो आला, पाकिटातून, दोन इंचांची पट्टी. मी ती कारखान्यात नेली. मायक्रोमीटरवर जाडी शून्य दशांश दोन मिलिमीटर. उंची व्हर्नियरने मोजली, सव्वापाचच्या जवळ. लोहचुंबक लावला, चिकटला नाही, म्हणजे लोखंड नाही. भिंगाखाली कडा स्वच्छ. सुरेख काम होतं. मी जेवणाच्या सुट्टीत चार जणांना दाखवलं. एक गोष्ट तेव्हाच डोळ्यांसमोर होती आणि मी ती पाहून न पाहिल्यासारखी केली. पट्टीत आडव्या सळ्या तीन होत्या. माझ्या ड्रॉइंगमध्ये चार. उभ्या दांड्यांमधलं अंतरही माझं नव्हतं. मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, हा जुन्या कामातला तुकडा आहे, क्वालिटी बघायला पाठवला. मला ते पटलं. आमच्याकडे मशीनवरून उतरलेला पहिला जॉब ड्रॉइंगला लावून तपासल्याशिवाय दुसरा लागत नाही. सत्तावीस वर्षं मी हेच करतोय, नव्या पोरांना हेच शिकवतोय. आणि इथे दुसऱ्याच ड्रॉइंगचा तुकडा मी पास केला.

पुढचं पटापट झालं. ८,००० ॲडव्हान्स. मग फिल्म काढायचे ३,५००. मग आठ दिवसांनी पत्र्यांचा एक फोटो आला, लांबून काढलेला, पिवळा चौकोन आणि त्यात काहीतरी रेघा. जवळून पाठवा म्हटलं तर म्हणाला, पॅक झालंय, बाकीचे १०,००० टाका, आजच कुरियरला देतो. मी टाकले. प्रत्येक वेळी खात्याचं नाव वेगळं दिसत होतं. पहिल्यांदा भावाचं म्हणाला, दुसऱ्यांदा पार्टनरचं.

खरं सांगायचं तर खोकं येईल असं मलाही शेवटी शेवटी वाटत नव्हतं. पण ते आलं. ट्रॅकिंग नंबर खरा, खोकं खरं, वर ‘नाजूक सामान’ लिहिलेलं. विहारातले दोघे जण मुद्दाम घरी आले होते बघायला. आत वर्तमानपत्राच्या थरात पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या सोनेरी पट्ट्या होत्या. पहिली उचलली आणि हाताला वजन वेगळं लागलं. नखाने खरवडली तर सोनेरी रंग निघाला आणि खाली राखाडी. चुंबक लावला, टचकन चिकटला. भिंगाखाली पाहिलं तर सळ्या एकमेकींच्या वरून-खालून गेलेल्या, विणलेल्या. एचिंगमध्ये विणलेलं काही असूच शकत नाही, ते एकाच पत्र्यातून येतं. खिडकीला डासांसाठी लावतात ती लोखंडी जाळी होती ती. कात्रीने सव्वापाच मिलिमीटरच्या पट्ट्या कापून स्प्रे मारलेला. माप मात्र बरोबर होतं. आलेले दोघे काही बोलले नाहीत. त्यांनी चहा घेतला आणि गेले. ते काही बोलले नाहीत, हेच मला सगळ्यात जास्त लागलं.

जाळी का पाठवली, काहीच पाठवलं नसतं तरी चाललं असतं, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. उत्तर तक्रार द्यायला गेलो तेव्हा मिळालं. पहिल्या ठिकाणी मला विचारलं, माल आला का? आला. मग हा व्यवहारातला वाद आहे, क्वालिटीचा प्रश्न आहे, दिवाणी आहे. त्या माणसाने जाळी पाठवून हे वाक्य विकत घेतलं होतं. म्हणून सांगतो, असं पार्सल आलं तर फोडतानाचा सलग व्हिडिओ काढा. सीलबंद खोक्यावरचं लेबल दिसू द्या, मग कापा, मग चुंबक, मग खरवड, मध्ये कॅमेरा बंद करू नका. माझ्याकडे फक्त नंतरचे फोटो होते.

आणि मी उशीर केला. पैसे ऑनलाइन गेले की १९३० या नंबरवर लगेच फोन करायचा असतो आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवायची असते. लवकर कळवलं तर समोरच्या खात्यातली रक्कम गोठवता येण्याची शक्यता असते. मी एकोणीस दिवसांनी फोन केला. लाज वाटत होती, दुसरं काही नाही. वर्गणीचे पैसे गेले हे आधी घरात सांगावं लागणार होतं. तोपर्यंत तिन्ही खात्यांतून पैसे पुढे गेले होते. त्याने त्याचे बहुतेक मेसेजही ‘सर्वांसाठी डिलीट’ करून टाकले होते. माझ्या बाजूला राहिले ते माझेच प्रश्न. दर आणि वचन देणारा प्रत्येक मेसेज आला त्याच दिवशी स्क्रीनशॉट काढून ठेवा. प्रत्येक पेमेंटचा बारा आकडी यूटीआर नंबर (बँकेचा व्यवहार क्रमांक) वेगळ्या कागदावर लिहून ठेवा. तक्रारीत तोच पहिला विचारतात.

मध्ये एकदा तो परत आला होता, हेही सांगायला हवं. मी शिव्या घातल्यावर दोन दिवसांनी अगदी मऊ आवाजात फोन. दादा, कामगाराने चुकीचं खोकं दिलं, मला झोप नाही, तुमचे सगळे पैसे परत करतो, क्यूआर पाठवलाय, स्कॅन करून पिन टाका म्हणजे जमा होतील. मी स्कॅन केलं होतं. पिनचे दोन आकडेही दाबले होते. मुलगी शेजारी अभ्यास करत बसली होती. तिने मोबाइल हातातून ओढला. “बाबा, पैसे यायला पिन लागत नाही. पिन फक्त द्यायला लागतो.” त्या क्यूआरवर रक्कम होती २१,५००. तेवढीच, पुन्हा एकदा.

तक्रार आता व्यवस्थित नोंदली गेली आहे, कारण साताऱ्याच्या एका गृहस्थांनाही तोच माणूस भेटला होता. ते रेल्वेच्या पुलाचं मॉडेल करतात. त्यांनाही ‘नफा घेणार नाही’ म्हणाला, फक्त कारण त्यांच्या वडिलांच्या रेल्वेतल्या नोकरीचं काढलं होतं. त्यांच्याकडे आलेला नमुना आणि माझा नमुना आम्ही शेजारी ठेवून फोटो काढला. दोन्हींच्या कापलेल्या कडा एकमेकींना जुळल्या. एकाच परदेशी संचातून कात्रीने कापलेले ते दोन तुकडे होते. माझ्या तुकड्याच्या टोकाला अर्धं अक्षरही कोरलेलं आहे. ते मी भिंगाखाली पाहिलं होतं आणि डाग समजलो होतो. दोन तक्रारी एकत्र जोडल्यावर मग क्वालिटीचा प्रश्न कुणी काढला नाही. पैसे अजून मिळालेले नाहीत.

वर्गणीचे १२,००० मी दोन पगारांत वाचनालयाच्या खात्यात भरले. भरू नका म्हणाले सगळे. मी भरले.

रेलिंगचं काम शेवटी घरापासून पंधरा मिनिटांवर सापडलं. अंबडला मशीनच्या नेमप्लेटा आणि डायल करणारे आहेत, तेही एचिंगच करतात. हे मला ठाऊक होतं, पण अशा नेमप्लेटवाल्याकडे बोटीचं रेलिंग होईल हे डोक्यात आलं नव्हतं. काउंटरवरच्या काकांनी ड्रॉइंग हातात घेतलं आणि पहिल्या मिनिटाला म्हणाले, “हे असं होणार नाही.” शून्य दशांश दोनच्या पत्र्यात सळई शून्य दशांश एकची काढलीय तुम्ही, ॲसिड बाजूनेही खातं, सळई उरणारच नाही. सळई पत्र्याच्या जाडीइतकी तरी ठेवा, नाहीतर पत्रा पातळ घ्या. आणि चौकटीला धरणारे कान कुठे दाखवलेत? मी खुर्चीवर बसूनच राहिलो. हेच ड्रॉइंग त्या माणसाकडे महिनाभर होतं. त्याने एकही चूक काढली नव्हती. प्रत्येक वेळी उत्तर एकच, होऊन जाईल दादा. ज्याला खरंच करायचं होतं त्याने आधी नाही म्हटलं.

ड्रॉइंग तीन वेळा बदललं. ॲडव्हान्स म्हणून त्यांनी फक्त फिल्मचे पैसे घेतले, पावतीवर. मागच्या शनिवारी पहिला पत्रा निघाला तेव्हा मी तिथेच उभा होतो. पाण्याखाली धुऊन काकांनी तो हातात दिला, ओला, अजून हिरवट डाग असलेला. खिशातून भिंग काढलं आणि सळ्या मोजल्या. चार. दांड्यांमधलं अंतर व्हर्नियरने तीन ठिकाणी घेतलं. मग म्हटलं, पुढचे लावा.