लाल ड्रॅगन फ्रूट गच्चीवर: पंधरा महिने, नऊ कळ्या, एक फळ

मागच्या जूनमध्ये लाल गराचं रोप आणलं, अडीचशेला. ड्रम भंगारातला, सिमेंटचा खांब मेव्हण्याच्या साइटवरचा, वर स्कूटरचा जुना टायर. "कोल्हापूरच्या पावसात निवडुंग कुजणार बघ," असं गल्लीभर ऐकलं. ड्रमाला बुडाशी भोकं पाडली, मातीत निम्मी वाळू घातली. कुजायचं सोडा, वेल टायरवरून खाली लोंबायला लागला. तिथं तक्रार नाही.

तक्रार फुलांची. यंदा जूनपासून कळ्या धरल्या. वीतभर पांढरं फूल, रात्री उमलतं, सकाळी मान टाकतं. आणि चार-पाच दिवसांत बूड पिवळं पडून थेट फरशीवर. सातवं पडलं तेव्हा नर्सरीत गेलो. "काका, पाणी जास्त होतंय." पाणी तोडलं, ड्रमावर प्लास्टिक टाकलं. वेल सुरकुतला, आठवंही पडलं. परत गेलो. "मग पोटॅश द्या की." पाकीट त्याच्याकडंच, एकशे वीस रुपये!

रोप उपटायचंच ठरवलं होतं. कळंब्याच्या वहिनी हसल्या, "भावजी, एकटं रोप काय करणार?" लाल गराच्या बऱ्याच जातींना स्वतःचा पराग चालत नाही, दुसऱ्या जातीचा लागतो. वहिनींचं पांढऱ्या गराचं, ते एकटंही धरतं. म्हणजे रोप बिचारं बरोबर होतं. विकताना एवढं एक वाक्य बोलायला काय जात होतं त्याचं?

वहिनींनी काड्यापेटीतून पराग दिला. एक दिवस फ्रीजमध्ये, दह्याच्या भांड्याशेजारी. दुसऱ्या रात्री साडेदहाला आमचं फूल उघडलं. भुरभुर पाऊस. हिनं छत्री आणि मोबाईलची बॅटरी धरली, मी पोराचा रंगाचा ब्रश. फुलात पिवळ्या तंतूंची गर्दी, त्यांच्याही पुढे एक जाड दांडा, टोकाला बोटं पसरल्यासारखा. त्या बोटांना पूड चोपडली. पाचव्या दिवशी फूल वाळलं, पण बूड हिरवंच. मी दिवसातनं चारदा जाऊन बघत होतो.

तेहतिसाव्या दिवशी कापलं. ३८० ग्रॅम. बनियनवरचा डाग अजून निघालेला नाही. चव? गोडसर, गार. लई भारी वगैरे काही नाही, पण बाजारातल्यापेक्षा गोड.

वहिनींनी आता पांढऱ्याची फूटभर फांदी दिलीय. सावलीत आठवडाभर सुकवून त्याच खांबाला लावणार. पोटॅशचं पाकीट फोडलेलंच नाही, पण नर्सरीवाला परत घेत नाही म्हणतोय.