बाळाची मराठी: व्हिडिओ, आजीचा कॉल की समोरचं माणूस?

घरात मराठी बोलणारे आईबाबा दोघंच, बाहेर सगळं इंग्रजी नाहीतर कन्नड, आणि बाळ वर्षाचं. बंगळुरूपासून न्यू जर्सीपर्यंत अशा घरांत एक प्रश्न हमखास निघतो. बडबडगीतांचे व्हिडिओ लावावेत, आजीशी रोज व्हिडिओ कॉल करावा, की संध्याकाळी हाती उरणारा तास खाली सतरंजीवर बसून बाळाशी बोलण्यात घालवावा? वेळ मोजका असतो, त्यामुळे निवड करावीच लागते.

व्हिडिओ आणि समोरचं माणूस यांची थेट तुलना सिअ‍ॅटलमध्ये पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. ते संशोधन २००३ साली प्रसिद्ध झालं. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांशी मँडरिन (चिनी भाषा) बोलणारी माणसं खेळली, त्यांना पुस्तकं वाचून दाखवली. प्रत्येकी २५ मिनिटांच्या अशा फक्त १२ बैठका झाल्या. तेवढ्यात ही बाळं इंग्रजीत नसलेले मँडरिन ध्वनी वेगळे ओळखू लागली, आणि तेही तैवानमधल्या बाळांइतकेच. दुसऱ्या गटाला तीच माणसं, तेच बोलणं टीव्हीवर दाखवलं, तर आणखी एका गटाला नुसतं ऐकवलं. ते दोन्ही गट कोरेच राहिले.

हे झालं ध्वनींचं. शब्दांचं काय? ज्युडी डीलोच यांच्या २०१० च्या अभ्यासात १२ ते १८ महिन्यांच्या मुलांना महिनाभर शब्द शिकवणारा एक खपाचा व्हिडिओ दाखवला. काहींनी तो एकट्याने पाहिला, काहींनी आईबाबांसोबत. तो कधीच न पाहिलेल्या मुलांपेक्षा या दोन्ही गटांना जास्त शब्द आले नाहीत. सगळ्यांत जास्त शब्द शिकली ती व्हिडिओ न पाहणाऱ्या आणखी एका गटातली मुलं. त्यांच्या आईबाबांना नुसती शब्दांची यादी दिली होती आणि रोजच्या व्यवहारात ते शब्द वापरायला सांगितलं होतं. मला यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. ज्या पालकांना तो व्हिडिओ आवडला होता, त्यांना आपलं मूल त्यातून बरंच शिकलं असंही वाटत होतं. मूल पडद्याला खिळून बसलं की ते शिकतंय असा आपला समज होतो, आणि तिथेच आपण फसतो.

मग आजीचा कॉलही पडदाच, तोही बाद करायचा का? नाही. २०१४ च्या एका अमेरिकी प्रयोगात २४ ते ३० महिन्यांची मुलं व्हिडिओ कॉलवरून नवी क्रियापदं शिकली, अगदी समोर बसून शिकावीत तशी. तेच बोलणं रेकॉर्ड करून दाखवलं तेव्हा मात्र शिकली नाहीत. फरक प्रतिसादाचा होता. बाळ बोट दाखवतं, हुंकार देतं, आणि त्या क्षणी पलीकडून उत्तर येतं. रेकॉर्डिंग हे कधीच करू शकत नाही, कितीही सुंदर असलं तरी. अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१६ साली दीड वर्षाखालच्या मुलांना पडद्यापासून दूर ठेवायला सांगताना व्हिडिओ कॉलचा अपवाद केला.

तरी वर्षाच्या आतबाहेरच्या बाळासाठी माझा कौल सतरंजीलाच आहे. कॉलवरून शब्द शिकण्याचा पुरावा मुख्यतः दोन वर्षांच्या आसपासच्या मुलांचा आहे. शिवाय कॉलवर आजी पडद्याकडे पाहते, कॅमेऱ्याकडे नाही, त्यामुळे तिची नजर कुठे आहे हे बाळाला कळत नाही. लहान बाळं तर नजरेचा माग काढतच वस्तू आणि शब्द यांची सांगड घालतात. म्हणून कॉल लावून बाळाला एकटं बसवू नका, जवळ बसा. आजीने वाटी दाखवली की तशीच वाटी बाळाच्या हातात द्या. आजीलाही सांगा, प्रश्न विचारल्यावर जरा थांब, त्याला उत्तर द्यायला वेळ लागतो.

व्हिडिओ तिसऱ्या क्रमांकावर, आणि बराच मागे. घरात मागे नुसता चालू ठेवलेला टीव्ही तर आपलंच बोलणं कमी करतो. बडबडगीतांच्या व्हिडिओचा खरा उपयोग आईबाबांना आहे. विसरलेल्या ओळी त्यावरून पाठ करा आणि आंघोळ घालताना स्वतः म्हणा, सूर चुकला तरी.