बारा फुटी छताखालचं पीयू मोल्डिंग, अकरा महिन्यांनंतर

आमच्या बैठकीच्या खोलीचं छत १२ फूट उंच आहे. भिंतीचा रंग संपून छताचा पांढरा सुरू होतो ती रेघ कधीच सरळ दिसली नाही, कारण छतच सरळ नाही. अकरा महिन्यांपूर्वी मी आणि माझ्या धाकट्या भावाने मिळून तिथे पॉलियुरेथेनचं (एक हलकं, फोमसारखं प्लास्टिक), म्हणजे पीयूचं, क्राउन मोल्डिंग बसवलं, म्हणजे भिंत आणि छत जिथे भेटतात तिथे तिरपी लागणारी सजावटीची पट्टी. उन्हाळा, दमट दिवस, थंडी असं सगळं त्याच्यावरून जाऊन झालं, म्हणून आता लिहितेय.

पहिला प्रश्न मापाचा. आतल्या नऊ फुटी खोलीत ३ इंची पट्टी आहे आणि ती तिथे शोभते. तीच इथे लावायची असं ठरत आलं होतं. भावाने शिडीवर चढून तिचा एक तुकडा कोपऱ्यात धरला आणि मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पाहिलं. छताला कुणी दोरा चिकटवलाय असं वाटत होतं. मग पुठ्ठ्याचे ५, ७ आणि ९ इंची तुकडे कापून एकेक दिवस वर चिकटवून ठेवले. ९ इंची जड वाटला, ७ इंची पहिल्या दिवसापासून तिथलाच वाटला. त्या निवडीचा आजवर एकदाही पश्चात्ताप झालेला नाही. उंच खोलीसाठी खरेदी करणाऱ्याने पुठ्ठ्यावर एक संध्याकाळ घालवावीच.

लाकूड मला मनापासून आवडतं, पण दमट हवेत ते फुगतं, कोरड्या हवेत आकसतं आणि कोपऱ्याचे सांधे उघडतात. एमडीएफ, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेला बोर्ड, स्वस्त पडतं, मात्र जड असतं आणि ओल लागली की कडेने फुलतं. पीयूचा आठ फुटी तुकडा मी एका हाताने उचलू शकते. डोक्यावर हात करून तो पाच मिनिटं धरून ठेवायचा असतो, तेव्हा हा फरक खांद्यांना कळतो.

आता कापण्याबद्दल, कारण सगळ्यात जास्त तुकडे इथेच वाया जातात. आमचं मोल्डिंग ४५ अंशांत बसणारं, म्हणजे भिंतीवर साधारण ५ इंच आणि छतावरही तेवढंच. मायटर सॉवर, म्हणजे कोनात कापणाऱ्या यांत्रिक करवतीवर, ते उलटं ठेवायचं: छताला लागणारी कड खाली पाट्यावर, भिंतीला लागणारी कड मागच्या आधाराला. मी पाट्यावर एक लाकडी पट्टी ठोकून घेतली, त्यामुळे प्रत्येक तुकडा त्याच कोनात टेकायचा. त्याआधी प्रत्येक कोपरा मोजला. चारांतला एकच कोपरा गुण्यात, म्हणजे बरोबर ९० अंशांत, निघाला. एक ९२ अंशांचा होता, तिथे त्याचा अर्धा, ४६, नव्वदातून वजा करून दोन्ही तुकड्यांसाठी सॉ ४४ अंशांवर लावला. डोळे झाकून ४५ घेतले असते, तर पुढच्या बाजूला फट राहिली असती आणि खालून नेमकी तीच दिसली असती. कोपऱ्याचे फूटभर लांबीचे नमुने आधी कापून वर लावून पाहिले, ते जुळले तेव्हाच लांब तुकड्यांना हात लावला. प्रायमर आणि रंगाचा पहिला हातही जमिनीवरच दिला.

वरच्या कामाला शिडी नको, परांचीच हवी. फळी सहा फुटांवर असली की दोघंही दोन टोकांना सरळ उभे राहतात आणि दोन्ही हात मोकळे असतात. लांब भिंतीवर छताला मध्ये पोट आहे, जवळजवळ तीन सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). आम्ही लेझरने खालच्या कडेची रेघ मारली आणि मोल्डिंग त्या रेघेवर बसवलं, छताच्या मागे गेलो नाही. "ताई, तुझ्या बाजूने अर्धं सूत खाली घे," असं भाऊ तिकडून सांगत होता आणि मी स्क्रू आवळत होते. मध्ये ते छताला टेकलं, टोकांकडे वर फट राहिली. ती रंगवता येणाऱ्या अ‍ॅक्रिलिक सीलंटने दोन थरांत भरली. सिलिकॉन वापरू नका, त्यावर रंग धरत नाही. बारा फुटांखाली उभं राहिल्यावर नजर खालच्या कडेवरच फिरते. ती आजही ताणलेल्या सुतळीसारखी सरळ आहे.

चूक एका ठिकाणी झाली. त्याच भिंतीवर दोन तुकड्यांचा मधला सांधा दिवस संपत आला असताना बसवला. सांध्याचा गोंद संपला होता, म्हणून तिथे फक्त सीलंट भरलं. पाचव्या महिन्यात थंडी पडली आणि तिथे केसाएवढी उभी भेग दिसायला लागली. पीयू दमटपणाने फारसं हलत नाही, पण तापमानाबरोबर थोडं लांबतं-आकसतं, आणि सीलंट म्हणजे काही गोंद नव्हे. बाकीचे सगळे सांधे पीयूच्याच गोंदाने जोडलेले होते आणि तिथले तुकडे तीन-चार मिलिमीटर लांब कापून दाबून बसवले होते. त्यांतला एकही उघडला नाही. वीतभर भेगेसाठी पुन्हा परांची उभारली, सोफा हलवला, जुनं सीलंट खरवडून गोंद भरला, घासून रंग दिला. एक अख्खा रविवार गेला. आठ फुटी खोलीत हे काम स्टुलावर उभं राहून अर्ध्या तासात झालं असतं. त्यानंतर भेग परत आलेली नाही.

रंगाचं एक सांगते. आम्ही मोल्डिंगला हलकी चमक असलेला रंग दिला. संध्याकाळी ऊन तिरपं आत येतं तेव्हा सीलंट भरलेला भाग वेगळा चमकतो. पाहुण्यांना दिसत नसेल, मला रोज दिसतो. पुढच्या वेळी तिथे मॅट रंग देणार. जाळी कोपऱ्यांत धरतातच, लांब दांड्याच्या मऊ ब्रशने महिन्यातून एकदा काढते. नक्षीचं मोल्डिंग न घेता साध्या वळणाचं घेतलं ते इथे कामाला आलं, कारण खोबणींत धूळ साचत नाही. पीयू बोटाने दाबलं तर खळगा पडू शकतो, पण एवढ्या उंचीवर त्याला कुणाचा हात लागत नाही.

पुढच्या महिन्यात जिन्याच्या वरचा भाग करतोय. तिथलं छत १५ फुटांवर आहे आणि परांची जिन्याच्या पायऱ्यांवर उभी करावी लागणार आहे. तेवढ्यापुरता जाणता माणूस बोलावणार, तुकडे मात्र खाली अंगणात मी आणि भाऊच कापू. गोंदाच्या दोन नळ्या जास्तीच्या आणून ठेवल्या आहेत.