हिंदी भाषकांना इंग्रजी भूतकाळ कसा शिकवावा: ‘पहचान’ लावून की वेळ विचारून?

मुंबई-नागपूरकडे हिंदी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी शिकवणाऱ्या मराठी शिक्षकांपुढे दोन वाटा असतात.

पहिली उत्तरेकडच्या क्लासेसमध्ये आणि गाइडांमध्ये रुळलेली. हिंदी वाक्याचा शेवट पाहायचा आणि काळ ठरवायचा. शेवटी ‘रहा था, रही थी, रहे थे’ आलं की पास्ट कंटिन्युअस. ‘चुका था’ किंवा ‘आया था, गई थी’ आलं की पास्ट परफेक्ट, म्हणजे ‘हॅड’ आणि क्रियापदाचं तिसरं रूप. यालाच ‘पहचान’ म्हणतात. दुसऱ्या वाटेत हिंदी वाक्याच्या शेपटीकडे न पाहता गोष्ट कधी घडली, ते विचारायचं. काल, गेल्या वर्षी, 2019 मध्ये अशी सरलेली वेळ सांगितली असेल तर क्रियापदाचं दुसरं रूप.

पहचान चटकन हाती लागते. पाठांतराची सवय असलेलं मूल लवकर वाक्यं करू लागतं, आणि ‘वह पढ़ रहा था’सारख्या वाक्यांत उत्तर बहुधा बरोबरच येतं. ‘हम नदी में नहाते थे’ला ‘यूझ्ड टू’ लावायचं, हेही असंच जमून जातं.

घोटाळा होतो तो नुसत्या ‘था’पाशी. ‘गांधीजी का जन्म 1869 में हुआ था’ याचं इंग्रजी ‘वॉज बॉर्न’. पहचान लावणारं मूल ‘हॅड बीन बॉर्न’ लिहितं. ‘मैं कल दिल्ली गया था’चं ‘आय हॅड गॉन’ होतं, तिथे ‘वेंट’ पुरे. ‘वह कुर्सी पर बैठा था’मध्ये तर ‘वॉज सिटिंग’ हवं, आणि तिथे ‘रहा’ कुठेच नाही! ‘है’चंही तेच: ‘मैंने उसे कल देखा है’ हिंदीत चालून जातं, इंग्रजीत ‘यस्टरडे’बरोबर ‘हॅव सीन’ चालत नाही. आपण मराठीतही ‘काल नाशिकला गेलो होतो’ असंच म्हणतो, त्यामुळे ही चूक मराठी शिक्षकाच्या कानालाही खटकत नाही. म्हणून इथे जास्त जपायला हवं.

वेळ विचारण्याची पद्धत संथ आहे. वेंट, सॉ, ब्रॉट ही रूपं आधी पाठ लागतात. ‘तुमने खाना खाया?’मध्ये वेळच नाही, मग मूल अडतं; तिथे ब्रिटिश वळण ‘हॅव यू ईटन’, अमेरिकन ‘डिड यू ईट’, आणि दोन्ही चालतात. ‘डिड नॉट वेंट’ ही चूक मात्र दोन्ही वाटांनी सुटत नाही. त्याला वेगळा सराव लागतो.

परीक्षेत हिंदीतून अनुवाद विचारणार असतील आणि हाताशी महिनाच असेल, तर पहचान घ्या. मुलाला इंग्रजी बोलायचं असेल तर माझं मत ठामपणे दुसऱ्या वाटेला आहे. पहचान आधीच पक्की बसलेली असेल तर ती पुसत बसू नका. ‘रहा था’साठी ती राहू द्या. ‘आया था, किया था, चुका था’ अशी क्रिया दिसली की मुलाला एकच प्रश्न विचारायला लावा: ‘किससे पहले?’ ‘मेरे पहुँचने से पहले गाड़ी छूट चुकी थी’ इथे उत्तर मिळतं, म्हणून ‘हॅड लेफ्ट’. ‘दादाजी 1947 में लाहौर से आए थे’ इथे मिळत नाही, म्हणून ‘केम’.